हाडामांसाचा जमाखर्च

(आष्टी तालुक्यातील एका गावच्या शाळेत, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या आदल्या रात्री, शाळामास्तरांनी ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



उद्या-परवा आपल्या गावातील निम्मी घरे कड्या लावून कारखान्यांच्या वाटेला लागतील. आज दिवसभर आम्ही शाळेच्या ओट्यावरून तयारी पाहत होतो. कोणी गाडीच्या आसाला वंगण घालीत होता, कोणी बैलांना नाल ठोकून घेत होता, कोणी ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरीत होता, आणि घरोघर कोयत्याला धार लागत होती. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या यंत्रावाचून गाडी, बैल व कोयता हे तिन्ही कुचकामी, ते यंत्र कोणी तपासून पाहिले काय? ते यंत्र म्हणजे तुमचे स्वतःचे शरीर होय. मुकादम नवराबायकोच्या जोडीला माणसे म्हणत नाही, ‘एक कोयता’ म्हणतो. तो म्हणो बापडा. पण आपणही स्वतःला कोयताच समजू लागलो, हे आमच्या मते फार वाईट झाले. कोयता मोडला तर बाजारात दुसरा मिळतो. मणका मोडला तर दुसरा मिळत नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही अध्यापक विद्यालयात शिकून मास्तर झालो, आणि मुलांना शरीरशास्त्राचा धडा शिकविता शिकविता जे वाचले, तेच आज तुमच्यापुढे मांडणार आहो. दुसरे असे की आम्ही ऊसतोड्याच्याच पोटी जन्मलो. लहानपणची काही वर्षे आम्ही पाचटाच्या कोपीत काढली. तेव्हा हा विषय आमच्या पुस्तकातला आहे, तसाच आमच्या घरातलाही आहे.

प्रथम हाडांविषयी. वयात आलेल्या माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. तान्ह्या मुलाच्या अंगात ती त्याहून पुष्कळ जास्त, पावणेतीनशेच्या घरात असतात. पुढे त्यांतली काही एकमेकांत सांधली जातात. सर्वांत मोठे हाड मांडीचे, आणि सर्वांत लहान कानाच्या आतले, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचे. पाठीच्या कण्यात लहानपणी ३३ मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कंबरेत ५, आणि खाली जे ५ व ४ असतात ते पुढे जुळून एक त्रिकोणी हाड व एक माकडहाड बनते.

ही मोजणी सोपी वाटते, पण ती बरोबर व्हायला जगाला फार काळ लागला. चरकाने हाडे ३६० सांगितली, सुश्रुताने ३००. कोणी त्यांत दात धरले, कोणी नखे, कोणी कूर्चाही धरली. सुश्रुताने तर प्रेत पाण्यात कुजवून आतले पाहावे असे सांगितले होते, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण आहे. परंतु पुढच्या लोकांनी पोथी ठेवली आणि पाहणे सोडले. युरोपातही तेच झाले. गॅलेन नावाच्या जुन्या वैद्याने जनावरे फाडून माणसाचे शरीर सांगितले, आणि तेराशे वर्षे लोकांनी ते मान्य केले. १५४३ साली वेसालियस नावाच्या पंडिताने स्वतःच्या हातांनी माणसाची प्रेते उघडून लिहिले की माणसाच्या खालच्या जबड्याचे हाड एकच आहे, दोन नाहीत. आपल्या देशात कलकत्त्यास १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर सुरी चालविली, तेव्हा विटाळाच्या समजुतीमुळे ती मोठी धाडसाची गोष्ट ठरली.

आता गंमत पाहा. गावात मेलेले ढोर ओढून नेणारा, कातडे सोडविणारा, बकरे कापणारा, ह्यांना सांधा कोठे सुटतो, शीर कोठे लागते, हे हजारो वर्षे ठाऊक होते. पण त्यांच्या हाती पाटी दिली गेली नाही. ज्यांच्या हाती पाटी होती त्यांना हाडाला हात लावणे विटाळ वाटे. ज्ञान एका आळीत आणि हात दुसऱ्या आळीत, अशी ज्या देशाची वाटणी होते, तेथे शरीरशास्त्र वाढणार कसे?

आज तुम्हांस आम्ही दोन हाडे आणून दाखवीत आहो. दोन्ही कोंबडीच्या तंगडीची आहेत. हे पहिले आठ दिवस शिरक्यात बुडवून ठेवले होते. पाहा, ते दोरीसारखे वाकते. शिरक्याने त्यातला चुना खाल्ला, राहिला तो चिवट भाग. हे दुसरे चुलीत जाळले. दिसायला अख्खे आहे, पण चिमटीत धरले की खडूसारखा भुगा होतो. त्यातला चिवट भाग जळाला आणि नुसता चुना राहिला. म्हणजे हाड हे गवंड्याच्या भिंतीसारखे आहे. चुन्याने ताठपणा येतो, आणि चिवट धाग्यांनी चटकन तडकत नाही. दोन्ही पाहिजेत.

पण भिंतीचा दाखला येथेच थांबवावा लागतो. कारण भिंत मेलेली असते, हाड जिवंत असते. त्यात रक्त वाहते. त्यात रोज काही पेशी जुने हाड पोखरून काढतात व दुसऱ्या पेशी त्या जागी नवे बांधतात. वर्षभरात अंगातल्या हाडाचा सुमारे दहावा हिस्सा असा नवा होतो. ज्या हाडावर जोर पडतो ते जाड होते, ज्यावर पडत नाही ते झिजते. आकाशयानात राहणाऱ्या माणसांना तेथे वजनच नसते. त्यांची खुब्याची व कण्याची हाडे महिन्याला शेकडा एक-दीड इतकी घटतात. हाडाची ही पेढी आहे. वयाच्या तिशीपर्यंत तिच्यात जमा करता येते. पुढे चाळिशीनंतर खर्च जास्त आणि जमा कमी. बायकांची पाळी गेल्यावर काही वर्षे हा खर्च एकदम वाढतो, कारण हाड सांभाळणारा जो रस अंडाशयातून निघतो तो आटतो. हे एवढे ध्यानात ठेवा. पुढे आम्हांस ह्यावरच बोलावयाचे आहे.

ह्या पेढीत भरणा करावयाचा तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा. मोठ्या माणसास दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. आपली ज्वारी-बाजरी अंगाला बळ देते, पण शंभर ग्रॅमला तीसच्या आसपासच कॅल्शियम देते. शंभर ग्रॅम दुधात सुमारे १२० असते, हुलग्यात अडीचशेच्या वर, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, नाचणीत साडेतीनशेच्या जवळ, आणि तिळात हजाराच्या वर. तिळातले सगळेच अंगी लागत नाही, तरीही मूठभर तीळ ही वाया जाणारी वस्तू नव्हे. आता घरोघर काय चालते ते सांगा. दूध डेअरीवर जाते, हुलगा बैलाला जातो, शेवग्याच्या शेंगा बाजारात जातात व पाला शेळीला. राहिलेल्यातले मुलाच्या ताटात पडते, मुलीच्या नाही. आणि बाळंतपणात ज्या हाडांतून चुना निघून मुलाला जाणार, ती हाडे त्या मुलीचीच असतात! चुना अंगी लागायला ऊन लागते. उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसले तर मुलांस मुडदूस होतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. मोठ्यांची हाडे मऊ पडून दुखू लागतात. ऊन आपल्याला फुकट आहे. पोरांना सकाळ-दुपार थोडे उघड्या अंगाने खेळू द्या.

आता स्नायू. हाडे म्हणजे गाडीचा सांगाडा, तर स्नायू म्हणजे बैल. अंगात सहाशेंहून अधिक स्नायू आहेत. स्नायू ओढतो, ढकलीत नाही. म्हणून ते जोडीने असतात. एक हात वाकवितो, दुसरा सरळ करितो. हृदय हाही एक स्नायूच आहे, आणि त्याला आयुष्यात एक दिवसही खाडा नाही. परंतु बैल कितीही बळकट असला तरी कासरा तुटला तर तो गाडी वळवील काय? स्नायूला हुकूम मेंदूकडून येतो. १८८८ साली महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला व त्यांचे उजवे अंग लुळे पडले. त्यांचे सहकारी शस्त्रवैद्य डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. जोतीरावांच्या हातातले मांस कोठे गेले नव्हते, मेंदूचा हुकूम पोहोचत नव्हता. पण त्यांनी डाव्या हाताला लिहायला शिकविले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक डाव्या हाताने लिहून काढले. ते त्यांच्या मागे १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. लुळे पडलेल्या माणसास कोपऱ्यात निजवून ठेवू नये, त्याच्या हातापायांना रोज हालविण्याचा सराव द्यावा, हे ह्यातून शिकावे. तोंड वाकडे झाले, एक हात गळाला, बोलणे अडखळले, की अंगारा शोधू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्याची वाट धरा, कारण ह्या दुखण्यात घटकाघटकाला मेंदू मरत असतो.

पोलिओ हाही स्नायूंचा हुकूम तोडणारा रोग. आपल्यापैकी कित्येकांनी काठीवर चालणारी बरोबरीची मुले पाहिली आहेत. भारतातला शेवटचा असा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. तो कोणत्या देवीने पळविला नाही. गावोगाव हिंडलेल्या बायकांनी तोंडात टाकलेल्या दोन थेंबांनी पळविला. दैवाचे भोग म्हणून जे आपण सोसतो त्यातले किती भोग माणसाच्या हातचे असतात, त्याचा हा दाखला आहे.

ऊस तोडताना पायात गोळा येतो, पोटरी दगड होते. घामावाटे पाणी व मीठ गेले आणि स्नायू दमला, की असे होते. त्यावर पाणी, चिमूट मीठ व साखर, आणि सावलीत बसणे हाच उपाय. फार उन्हात मरमर काम केले तर स्नायूंचे मांसच फुटून त्याचा अंश रक्तात उतरतो. मग लघवी काळ्या चहासारखी होते व मूत्रपिंडे बंद पडू लागतात. तिकडे अमेरिका खंडात निकाराग्वा व एल साल्वादोर ह्या देशांत ऊसतोड्यांचीच तरणीताठी माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. मग काही ठिकाणी पाणी, विसावा व सावली ह्यांचा नियम बांधून दिला, आणि हा आजार कमी होताना दिसला. पाहा, औषध नाही, सुई नाही, नुसते पाणी, विसावा आणि सावली! आपल्या फडात घागर बांधावर असते आणि बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण लघवीला जायला आडोसा नाही. हा आडोसा मागणे लाजेचे नव्हे, मूत्रपिंड वाचविण्याचे आहे.

आता मोळीकडे येऊ. एक जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. म्हणजे २००० किलो. मोळी ४० किलोची धरली तर ५० मोळ्या. एकेकाच्या वाट्याला २५. हंगामाचे १२० दिवस धरा. एका माणसाने १२० टन ऊस मानेवरून नेला, म्हणजे दहा टनी मालट्रक धरले तर बारा मालट्रक. तेही सपाटीने नव्हे. मळीच्या निसरड्या रानातून, आणि शेवटी फळीवरून वर.

मोळी वाहण्यापेक्षा उचलताना धोका जास्त. ह्यात पहारेचे गणित आहे. पहारेने धोंडा हलवता तेव्हा टेकणाच्या एका बाजूला लांब दांडा, दुसऱ्या बाजूला आखूड. आपल्या पाठीत हे उलटे आहे. टेकण म्हणजे मणका. पाठीचा स्नायू त्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर, आणि तुम्ही कंबरेत वाकून हात लांब करून धरलेले ओझे पुढे चाळीस सेंटिमीटरवर. चाळीस भागिले पाच, आठ. म्हणजे २० किलोचे ओझे असे धरले तर पाठीच्या स्नायूला १६० किलोचा ओढा द्यावा लागतो, आणि तो सगळा दाब कंबरेच्या मणक्यांमधल्या चकतीवर बसतो. तेच ओझे पोटाशी, वीस सेंटिमीटरवर आणले तर दाब निम्मा होतो. हा ढोबळ हिशोब आहे, पण खोटा नाही. ज्याला विश्वास नसेल त्याने भरली घागर हात लांब करून आणि मग छातीशी धरून पाहावी.

ही चकती म्हणजे दोन मणक्यांमधली गादी. बाहेर चिवट वेढे, आत लिबलिबीत गर. तिला स्वतःची रक्तवाहिनी नाही. दाब पडला की पाणी बाहेर जाते, निजल्यावर पुन्हा भरते. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर मुलांनी रेघा मारून हे ताडून पाहिले आहे. झोप पुरती नाही, रात्री दोनला गाडी भरायला उठणे, असे महिनोन्महिने चालले की गादी भरत नाही. वेढे चिरतात, गर बाहेर येऊन शिरेवर बसतो, आणि कुल्ल्यापासून टाचेपर्यंत चमक निघते. त्याला आपण शीर आखडली म्हणतो. गुडघ्याचेही तसेच. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजली, की हाडावर हाड घासते.

(येथे एका वृद्ध गृहस्थांनी मध्येच विचारिले, “गुरुजी, आमच्या बापानं बी हीच मोळी वाहिली. त्याला कुठं ठावं होती चकती?” त्यावर आम्ही म्हणालो, “तात्या, चकती त्यांना ठावी नव्हती हे खरे. पण पन्नाशीत ते काठी टेकीत होते की नाही, तेवढे आठवून सांगा.” गृहस्थ म्हणाले, “टेकीत होता.” आणि खाली बसले.)

तर करावे काय? मोळी बारकी बांधा. ४० च्या दोन मोळ्यांऐवजी २७ च्या तीन नेल्या तर एक खेप वाढते, पण मणका वाचतो. उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघ्यांत बसा, ओझे अंगाशी घ्या, आणि ओझे धरून कंबर पिळू नका. वळायचे तर पाय वळवा. दुसऱ्याने हात देऊन डोक्यावर ठेवून द्यावे. चुंबळ जाड व सपाट असावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली धट्ट्याकट्ट्या पुरुषासही ५५ किलोच्या वर ओझे देऊ नये, बाईला त्याहून पुष्कळ कमी द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याच राज्यात पुण्याच्या हमालांनी बाबा आढावांच्या पाठीशी उभे राहून शंभर किलोचे पोते पन्नासावर आणा म्हणून झगडा केला. माथाडी-हमालांसाठी १९६९ चा कायदा झाला. हमालाची पाठ ही पाठ, आणि ऊसतोड्याची पाठ काय लाकडाची? हा प्रश्न एकट्याने विचारला तर मुकादम हसतो. सगळ्या टोळीने विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागते.

दुखणे सुरू झाल्यावर आपण काय करितो, तेही पाहू. फडाजवळच्या गावात एक सुई मारणारा असतोच. सुई मारली की तासाभरात माणूस उठतो, मग त्याचे नाव होते. त्या सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते योग्य रोगाला, योग्य मापात, शहाण्या डॉक्टरने दिले तर अमृत. दर आठवड्याला उगीच घेतले तर हाडे पोकळ होतात, आणि कित्येकांच्या खुब्याच्या हाडाचा गोळा रक्तावाचून मरतो. दुखण्याच्या गोळ्या रोज उपाशीपोटी, पाणी न पिता घेतल्या तर पोटात व्रण होतात व मूत्रपिंडे जातात. गोळीने चकती जागेवर बसत नाही, फक्त तिची हाक बंद होते. हाड मोडले तर हाडवैद्याने करकचून बांधलेली पट्टी हाही एक घात आहे. बोटे थंड पडली, निळी झाली, मुंग्या येऊ लागल्या, तर पट्टी त्या क्षणी सोडून दवाखाना गाठावा, नाहीतर हात कायमचा जातो.

काही खुणा अशा आहेत की तेथे घरगुती उपाय करूच नयेत. पाठ दुखते आणि संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री दुखणे वाढते, वजन उतरते, तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. क्षय फुप्फुसातच असतो ही समजूत चुकीची आहे. तो मणका खातो, कुबड काढतो, पाय लुळे पाडतो. लोक पाठीला डाग देतात, आणि आत मणका ढासळत राहतो. वेळेवर ओळखला तर गोळ्यांनीच बहुधा बरा होतो. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मात्र वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, न चुकता घ्याव्या लागतात. हंगामाला जाताना गोळ्यांचे कार्ड बरोबर न्यावे. जेथे जाल तेथल्या सरकारी दवाखान्यात दाखविले की पुढच्या गोळ्या मिळतात. पाठीच्या दुखण्याबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा दोन्ही पाय बधिर झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. सकाळी बोटांचे सांधे सुजून तासभर आखडत असतील तर तो आमवात. तो झिजेचा नव्हे, त्याचे औषध वेगळे. आणि ज्या गावी खोल बोअरचे पाणी पितात तेथे पाण्यातले फ्लोराइड तपासावे. ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले तर आधी मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडे व कणा ताठ होतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी हे भोगले आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, हेही लक्षात ठेवा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आम्हांस बोलावयास जड जाते.

आमची माय एकतीस वर्षांची असताना अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली. तेथल्या डॉक्टरने सांगितले, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन केले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली, हे तिला कोणी सांगितले नाही. आम्हांलाही ते पुष्कळ वर्षांनी जुन्या कागदावरून कळले. तीन महिन्यांत ती पुन्हा फडात होती. पन्नाशीत गोठ्यात पाय घसरला, हात टेकला, मनगट मोडले. पुढे पाठ वाकू लागली. जे शिंके ती हाताने काढी, त्याला काठी लागू लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी उंबऱ्याला ठेच लागली, आणि खुबा मोडला. लोक म्हणाले, म्हातारपण. आम्ही म्हणतो, नव्हे. हाडांची पेढी एकतीसाव्या वर्षी कोणीतरी फोडली, आणि त्याची बातमी आम्हांस पंचवीस वर्षांनी कळली.

ही एका घरची कथा असती तर आम्ही येथे बोललो नसतो. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे जवळजवळ दर सहा जणींत एक. सबंध देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्या वर्षी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून असे ऑपरेशन करू नये असा आदेश निघाला. आदेश चांगला आहे. पण आदेशाला आपण विचारले तरच तो बोलतो. पाळीच्या चार दिवसांत खाडा पडू नये, दंड बसू नये, म्हणून कित्येक बाया स्वतःच म्हणतात, “काढून टाका एकदाची कटकट.” अंगावरून पांढरे जाणे हे पुष्कळदा जंतूंमुळे असते, आणि ते गोळ्यांनी बरे होते. कंबरदुखीचे मूळ तर मोळीत असते, पिशवीत नसते. पिशवी काढून कंबर राहत नाही. उलट अंडाशये गेली तर हाडे जातात. खरोखर रोग असेल, गाठ असेल, रक्त थांबत नसेल, तर ऑपरेशन करावे, त्याला आमची ना नाही. पण आधी आष्टीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा बीडला जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे, आणि तीन प्रश्न विचारावेत. रोगाचे नाव काय? औषधाने होणार नाही काय? अंडाशये ठेवणार की काढणार? उत्तर कागदावर घ्यावे. आणि जिची अंडाशये आधीच काढली गेली असतील, तिने हाडांची तपासणी करून घ्यावी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावे, चालत राहावे, आणि पडणार नाही असे घर ठेवावे. अंधारात गोठ्यात जाऊ नये, उंबऱ्याशी दिवा ठेवावा. अजूनही पुष्कळ राखता येते.

बंधूंनो, हे आम्ही बायकांना सांगितले, पण ऐकावयाचे तुम्हांस आहे. कारण कागदावर सही तुमची होते, आणि उचल तुम्ही घेता. आपल्या भाषेत ‘उचल’ ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उचल हातात पडते, दुसरी मानेवर. पहिली घेताना दुसरीचा हिशोब करा. वाहिलेल्या टनांचे पैसे कारखाना देतो. झिजलेल्या मणक्याचे, मोडलेल्या खुब्याचे कोणाच्याच वहीत नाव नसते. ती वही आपणच घालावयाची आहे.

आमची मागणी मोठी नाही. निघताना गाठोड्यात शेर-दोन शेर तीळ व हुलगे घाला, आणि ते मुलीच्याही ताटात पडू द्या. टोळीत ठरवा की मोळी बारकी, पाण्याची घागर जवळ, आणि बायकांना आडोसा. सुई मारणाऱ्याकडे जाण्याआधी सरकारी दवाखाना. ऑपरेशनाआधी दुसरा डॉक्टर. आणि पाचवे हे की शाळेत जाणारी मुले आम्हांपाशी, आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून जा. दहा वर्षांच्या पोराच्या मानेची हाडे अजून वाढत असतात. त्यावर मोळी देऊ नका. त्याच्या मानेवर आम्हांस दप्तर देऊ द्या, आणि तेही हलकेच देऊ.

तुम्ही सहा महिन्यांनी परत याल, तेव्हा पैसे किती आणले हे आम्ही विचारणार नाही. गुडघे कसे आहेत, हे विचारू. सर्वांनी सुखरूप यावे, ताठ चालत यावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.